मिरवणुकीचं जेट

बेंगळूरच्या मल्लेश्वरममध्ये खोली शोधत मी त्यांच्या फाटकाशी गेलो, तेव्हा त्यांनी माझी जात विचारली नाही की नोकरी विचारली नाही. पायऱ्यांवर उभं राहून, कोटाची बटणं लावत त्यांनी एवढंच विचारलं, "किती फुटांवरचे?"

मला प्रश्न कळला नाही. मी म्हणालो, "बेळगावचा."

"गाव नाही विचारलं हो. समुद्रसपाटीपासून वर किती?"

शाळेत कधीतरी पाठ केलेला आकडा मी चाचरत सांगितला. त्यांनी डोळे मिटून मनातल्या मनात वजाबाकी केली. "पाचशेचा फरक. सुरुवातीला स्वल्प जड जाईल, मग जमेल. सरी, ठीक आहे, खोली बघून घ्या."

अशा रीतीने मी त्यांच्या आउटहाउसमध्ये राहायला गेलो. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची, मीही म्हणू लागलो. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा मराठी फौजेबरोबर दक्षिणेत आले आणि हवा आवडली म्हणून राहिले, असं ते सांगत. लढाईत काय झालं ते सांगत नसत. हवेबद्दल मात्र भरपूर सांगत. सरकारी कचेरीतून सुपरिंटेंडेंट म्हणून ते निवृत्त झाले होते, आणि निवृत्तीनंतर त्यांनी उरलेलं आयुष्य एका मोटारीच्या कार्बोरेटरला वाहिलं होतं.

मोटार लांबलचक, उघड्या टपाची, विलायती होती. कॅन्टोन्मेंटमधला कुणी साहेब देश सोडून जाताना ती अण्णांना देऊन गेला. साहेब गेला याचं अण्णांना दुःख नव्हतं. त्याला शेवटपर्यंत ही गाडी कळली नाही, याचं होतं. "तीस वर्षं राहिला इथं," ते म्हणत, "आणि गाडी चालवली लंडनच्या हवेवर. बेंगळूर तीन हजार फुटांवर आहे. हवा विरळ. इंजिन हवा पितं हो, पेट्रोल नुसतं तोंडी लावायला. हे त्या लोकांना कळलं असतं तर राज्य गेलं असतं का?"

ज्यांना मोटारीतलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण मलाही तेव्हा कळत नव्हतं. कार्बोरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल कालवायचं भांडं. पेट्रोल जास्त झालं की मिश्रण रिच, कमी झालं की लीन. रिच झालं की प्लग काजळतात, लीन झालं की गाडी खोकते. पेट्रोल किती यायचं ते ठरवणारी, हरभऱ्याएवढी, बारीक भोकाची पितळी चकती असते. तिला जेट म्हणतात. एवढंच. पण अण्णांनी या एवढ्यावर अख्खं तत्त्वज्ञान उभं केलं होतं. समोरचे निवृत्त हेडमास्तर सतत चिडतात, कारण ते रिच. महसूल खात्यातली माणसं लीन, बोलवलं तर खोकतात, चालत नाहीत. मी कुठल्या वर्गात बसतो हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. एकदा भीत भीत विचारलं, तेव्हा म्हणाले, "तुमचं अजून गरम व्हायचंय."

त्यांच्या दिवाणखान्यात काचेचं कपाट होतं. इतरांच्या घरी अशा कपाटात चांदीची भांडी किंवा मुलांची बक्षिसं असतात. यांच्याकडे तीन कार्बोरेटर होते, प्रत्येकाखाली क्रोशाचा रुमाल. एक इंग्लिश, एक फ्रेंच, एक अमेरिकन. त्यातला कुठला गाडीला लावायचा याचा विचार काही वर्षं चालला होता, आणि तेवढी वर्षं गाडी विटांवर उभी होती. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला कॉफीच्या आधी या तिघांची ओळख करून दिली जाई. "हा इंग्लिश. सावकाश, पण शब्दाचा पक्का. हा फ्रेंच, बोलायला गोड, खायला फार. आणि हा अमेरिकन, तोंड बघा केवढं!" शेवटी त्यांनी इंग्लिशची निवड केली. तो गाडीत मुळातच होता. "पण आता तो विचारपूर्वक आहे," असं ते म्हणाले.

गाडी सुरू झाली, आणि तिचं खरं कर्तृत्व दिसून आलं. उभी असताना ती अप्रतिम चाले. इतका मऊ, एकसारखा आवाज, की शेजारच्या बायका वाती वळत ऐकत बसत. पण ॲक्सिलरेटर दाबला की ती दोनदा आवंढा गिळे, एकदा शिंके आणि बंद पडे. अण्णांच्या पत्नीला आम्ही मामी म्हणत असू. त्या म्हणायच्या, "ह्यांनी मला गाडीतून एकदाच बाजारात नेलं. येताना मी चालत आले. भाजी गाडीतून आली, दुसऱ्या दिवशी."

"दोष गाडीत नाही," अण्णा म्हणत. "लोकांना घाई फार."

पण ज्याला जग दोष म्हणतं त्याचा उपयोग करून घ्यायला अण्णा सरकारी नोकरीत शिकले होते. स्वातंत्र्याला फार वर्षं झाली नव्हती, आणि गळ्यात हार घातलेल्या माणसांचा देशात तुटवडा नव्हता. नवे मंत्री, नगरपालिकेचे सभासद, निवृत्त होणारे हेडमास्तर, गणपती, नवरदेव अशा सगळ्यांना उघडी गाडी पाहिजे होती, आणि ती माणसाच्या चालीनं चालायला पाहिजे होती. साध्या मोटारी त्या चालीनं तासभर चालल्या की प्लग काजळून बंद पडत आणि मंत्र्याला उतरून चालावं लागे. अण्णांनी यावर उपाय शोधला. त्यांनी एक वेगळं, बारीक भोकाचं जेट करवून घेतलं आणि त्याचं नाव ठेवलं मिरवणुकीचं जेट. दुसरं रस्त्याचं जेट. मिरवणुकीचं जेट बसवलं की गाडी बँडच्या मागून दिवसभर चालेल. फक्त पळणार नाही. कुंकवाच्या करंड्यात कापूस घालून त्यावर ते ठेवलेलं असे.

एकदा एक नवे सभासद मल्लेश्वरमच्या चढावर हात हलवून दमले आणि पुढं वाकून म्हणाले, "अण्णा, जरा जोरात घ्या की. पुढं सभा आहे."

अण्णांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "मिरवणुकीचं जेट आहे. वेग पाहिजे असेल तर उतरून पळा."

सभासद उतरले नाहीत. हार घातलेला माणूस सहसा पळत नाही, हे अण्णांना ठाऊक होतं.

त्यांची एकुलती एक मुलगी शारदा. गल्लीतल्या मुली तिला शारदाक्का म्हणत. मुलींच्या शाळेत ती भूगोल शिकवायची, आणि त्या घरात जन्माला येऊन दुसरं काय शिकवणार. लहानपणापासून तिच्याकडे एक काम होतं. इंजिनाच्या खाली एक पत्रा असतो. वरून निसटलेला स्क्रू, वायसर, जेट, जे काही असेल ते त्या पत्र्यात जाऊन पडतं, आणि तिथं मोठ्या माणसाचा हात जात नाही. शारदाक्काचा जायचा. ती तिशीला आली तरी जायचा. अण्णा जगात कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवत नसत, पण "पत्र्यात नाही" असं शारदा म्हणाली की ते दुसरीकडे शोधायला लागत.

तिच्या लग्नाचं अण्णा कार्बोरेटरसारखंच बघत होते, म्हणजे खूप बघत होते आणि बसवत काही नव्हते. मद्रासचं एक चांगलं स्थळ आलं. अण्णा म्हणाले, "मुलगा समुद्रसपाटीचा आहे. इथं आला की रिच होईल." मंगळूरचं आलं, तेही समुद्राकाठचं. उटीचं आलं तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं की आता जमेल. अण्णा म्हणाले, "साडेसात हजार! मुलगी तिथं गुदमरेल." मामी भिंतीकडे तोंड करून तांदूळ निवडत म्हणाल्या, "ह्यांना तीन हजारांचा जावई पाहिजे. म्हणजे समोरच्या घरातला. आणि समोर तर हेडमास्तर राहतात."

धारवाडचं स्थळ आलं तेव्हा शारदाक्कानं नकाशा आधीच बघून ठेवला होता. मुलगा कॉलेजात शिकवायचा, उंच, कमी बोलणारा, पहिली बायको गेलेला. त्याला कपाटासमोर उभं करून अण्णांनी तिन्ही कार्बोरेटरांची ओळख करून दिली आणि विचारलं, "यातला तुम्ही कुठला निवडाल?"

तो म्हणाला, "मला यातलं काही कळत नाही. पण कॉफी छान होती. अजून अर्धा पेला मिळेल का?"

आत शारदाक्का हसल्याचं आम्ही सगळ्यांनी ऐकलं. त्या घरात तशा आवाजाची सवय नव्हती. अण्णा चपापले. "धारवाड किती फुटांवर?" त्यांनी दाराकडे बघत विचारलं.

"पंचवीसशेच्या आसपास," आतून उत्तर आलं. मला वाटतं शंभरेक फूट तिनं पदरचे घातले होते.

लग्न ठरलं. भटजींनी सांगितलं की हा मोसमातला शेवटचा मुहूर्त आहे, हा चुकला तर पुढं चातुर्मास, मग थेट दिवाळीनंतर बघायचं. नवरदेवाच्या काकांनी बजावलं की दिवाळीनंतर दुसरी स्थळं बघितली जातील, आमचं काही घोडं अडलेलं नाही. तेव्हा शारदाक्काचं काय पणाला लागलं होतं ते तिला, मामींना आणि गल्लीतल्या प्रत्येक बाईला नीट माहीत होतं. अण्णांना दुसराच प्रश्न पडला होता. लग्नाच्या आदल्या दुपारी त्यांनी मला आणि हेडमास्तरांना बोलावलं आणि तो गंभीरपणे मांडला.

"जावई यशवंतपूर जंक्शनवर उतरणार. सिटी स्टेशनला मुद्दाम नको म्हटलंय मी, तिकडं गर्दी. यशवंतपूरहून रस्ता मोकळा, इंजिनाला श्वास घेता येतो. तिथून मारुतीच्या देवळापर्यंत गाडी पळायला पाहिजे. देवळापासून मांडवापर्यंत मिरवणूक, म्हणजे चालायला पाहिजे. तर जेट कुठलं?"

"रस्त्याचं लावा," हेडमास्तर म्हणाले. "देवळापासून मांडव दोन गल्ल्या आहे. तेवढ्यात काही काजळत नाही."

अण्णांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की हेडमास्तर आणखी रिच झाले. "नगरपालिकेच्या सभासदाला मी मिरवणुकीचं जेट घातलं," अण्णा म्हणाले, "आणि माझ्या जावयाला रस्त्याचं घालू? देवळाशी बदलीन. एक विडा खायला लागतो तेवढ्यात होतं."

दुसऱ्या दिवशी गाडी उशिरा आली, म्हणजे आगगाडी. मोटार मात्र, अण्णांच्या गाडीच्या मानानं, उधळत देवळापर्यंत आली. तिथं सीमांतपूजन झालं, नवरदेवाच्या कपाळाला बाशिंग बांधलं आणि त्याला मागच्या सीटवर बसवलं. बँडवाले ओळीत उभे राहिले. अण्णांनी डोक्यावरचा जरीचा म्हैसुरी पेटा तसाच ठेवून कोट काढला, बॉनेटचं डावीकडचं झाकण उघडून मला धरायला सांगितलं आणि रस्त्याचं जेट काढलं. मग करंडा उघडला.

मिरवणुकीचं जेट त्यांच्या बोटातून निसटलं. एकदा इंजिनावर आपटलं, एकदा आणखी कुठेतरी, आणि मग काही ऐकू आलं नाही.

"कुणी हलू नका," अण्णा म्हणाले.

कुणी हललं नाही. मग सगळे खाली बसले. क्लॅरिनेटवाला, ढोलवाला, धारवाडचे मामा, देवळाचा पुजारी, सगळे रस्त्यावर उकिडवे बसून मातीत बोटं फिरवू लागले. नवरदेव मागच्या सीटवर एकटा, बाशिंग सांभाळत बसून राहिला. मांडवातून निरोप आला की भटजी घटका मोजत आहेत. पुन्हा निरोप आला की आता मोजायला फारसं राहिलेलं नाही.

"अण्णा," मी हळूच म्हणालो, "रस्त्याचं जेट हातात आहे. तेच घाला."

"माझ्या मुलीच्या मिरवणुकीत?"

"मी चालत येतो," नवरदेव वरून म्हणाला. "एवढंसं तर आहे."

"बसा तुम्ही!" अण्णा मोटारीखालून ओरडले. "चालत यायला तुम्ही काय पोस्टमन आहात?"

धारवाडचे काका कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "बघा राव, आम्ही लग्नाला आलोय, इथं खिळे वेचायला नाही. मुहूर्त गेला तर आम्ही दुपारच्या गाडीनं परत जातो बघा. मग पुढचं पुढं."

"जेट सापडल्याशिवाय गाडी हलणार नाही," अण्णा म्हणाले. "आणि गाडी हलल्याशिवाय मी हलणार नाही."

"मग कन्यादान कोण करणार?"

अण्णांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते पालथे पडून चाकामागे बघत होते.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाला बायकांचा "अय्यो, अय्यो" असा गलका झाला आणि माणसं बाजूला सरली. पिवळं लुगडं, मुंडावळ्या, कोपरापर्यंत हिरवा चुडा अशी शारदाक्का एकटी चालत येत होती. नवरी मुहूर्ताआधी रस्त्यावर आलेली मल्लेश्वरमनं तोवर पाहिली नव्हती. ती मोटारीपाशी आली. नवरदेवाकडे तिनं पाहिलं, त्यानंही पाहिलं. दोघांमध्ये मी धरलेलं बॉनेटचं झाकण होतं, अंतरपाट म्हणून ते चालून गेलं असतं.

"आवाज कुठल्या बाजूला गेला?" तिनं विचारलं.

"डावीकडं. दोनदा वाजलं," अण्णा चाकामागूनच म्हणाले.

तिनं चुडा मागे सारला, गुडघ्यावर बसली आणि खालून पत्र्यात हात घातला. तो आत जाताना उघडा होता. बाहेर आला तेव्हा मूठ झाली होती. झाकण धरून उभा असल्यामुळे हे मला एकट्याला दिसलं.

"पत्र्यात नाही, अण्णा," ती म्हणाली.

"नीट बघितलंस?"

"नीट बघितलं. लग्न झाल्यावर शोधू. आता चला."

अण्णा उठले. त्यांच्या पेट्याला धूळ होती आणि हात मनगटापर्यंत काळे होते. इंजिनाकडे आणि मग मुलीकडे त्यांनी आळीपाळीनं पाहिलं. पत्र्यात नाही असं शारदा म्हणाली होती. म्हणजे जेट जगात कुठेही असू शकत होतं, आणि जगभर शोधायला वेळ लागणार होता. "सरी," ते म्हणाले आणि कोट घालू लागले.

मिरवणूक पायीच निघाली. नवरदेव बाशिंग धरून पुढे, नवरी मागे, आणि नवरी बरोबर असताना कुठली चाल वाजवायची हे ठाऊक नसल्यामुळे बँडवाले गप्प. भटजींनी ऐन वेळी अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झपाझप म्हटली. मुहूर्त गाठला. मामी कोपऱ्यात पदरानं डोळे पुसत होत्या आणि त्याच पदरानं अण्णांच्या पाठीची माती झटकत होत्या.

मग कन्यादान. अण्णांचे हात शिकेकाईनं दोनदा धुवून झाले होते, पण पेट्रोलचा वास गेला नव्हता, म्हणून भटजींनी समई लांब सरकवली. खाली काशाचं पात्र, त्यावर नवरदेवाची ओंजळ, त्यावर शारदाक्काचा हात. वरून मामींनी पाण्याची धार धरायची, ती अण्णांच्या हातावरून पडायची. अण्णा डोळे मिटून, छाती काढून संकल्प म्हणत होते. आवाज खणखणीत. असल्या प्रसंगी त्यांचा आवाज कधी लीन होत नसे.

"हात उघडा, बाई," भटजी म्हणाले.

शारदाक्का थांबली. सगळ्या मांडवाचे डोळे तिच्या हातावर होते, आणि मुठीतलं ठेवायला दुसरी जागा नव्हती. तिनं मूठ उघडली. ओल्या अक्षता नवरदेवाच्या ओंजळीतून घरंगळल्या, आणि त्यांच्यामागून काशाच्या पात्रात काहीतरी टणकन वाजलं.

"मिरवणुकीचं," अण्णा डोळे न उघडता म्हणाले.

मग त्यांनी डोळे उघडले. पात्रात पाण्याच्या चार थेंबांत ते पितळी जेट पडलेलं होतं. भटजी मंत्र विसरले. धारवाडचे काका उठून बघू लागले.

"सापडलं होतं?" अण्णांनी विचारलं.

"हो."

"केव्हा?"

"हात घातला तेव्हाच."

"आणि नाही म्हणालीस. मला!"

शारदाक्कानं हात मागे घेतला नाही. तो नवरदेवाच्या ओंजळीवर तसाच होता. "हो म्हटलं असतं," ती म्हणाली, "तर आत्ता तुम्ही इथं बसला असता, अण्णा?"

अण्णांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता समुद्रसपाटी येणार, विरळ हवा येणार, साहेब येणार. त्यांच्याकडे कशाचंही उत्तर असे, आणि ते कधीही लहान नसे. त्यांनी पात्राकडे पाहिलं, फाटकाबाहेरच्या रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं, आणि काजळलेला प्लग उजेडात धरून बघावा तसा तो प्रश्न बराच वेळ बघितला.

"नसतो," ते म्हणाले.

मग त्यांनी काळे हात पुढे केले आणि मामींना म्हणाले, "घाल पाणी."